स्क्रायबस १.६ : पान लावायला शिकवणारे सॉफ्टवेअर

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची ४८ पानांची वार्षिक स्मरणिका या वर्षी आम्ही बाहेर न देता स्वतः लावली आणि त्यासाठी ‘स्क्रायबस’ हे पानांची मांडणी करण्याचे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरले. मी व्यवसायाने लेखापाल आहे. चित्रकलेचे किंवा मुद्रणाचे शिक्षण मी घेतलेले नाही. त्यामुळे हे परीक्षण मांडणीच्या क्षेत्रातल्या जाणकारांसाठी नसून ज्यांच्यावर संस्थेचा अंक, अहवाल किंवा पुस्तिका काढण्याची जबाबदारी येऊन पडते अशा माझ्यासारख्यांसाठी आहे.

स्वतः पाने लावण्यामागे एक कारण घडले होते. आदल्या वर्षी आम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक आणि मोबाइलवर सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, टाइप केलेला मजकूर डीटीपी करणाऱ्याकडे दिला. त्याच्याकडे पेजमेकर होता. ज्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली निघाली आणि ज्याला युनिकोड देवनागरी वाचता येत नाही, असे ते सॉफ्टवेअर. साहजिकच सगळा मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये रूपांतरित करावा लागला आणि त्या रूपांतरात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ या लेखाच्या शीर्षकाचे ‘सह्याद्रीच्या दर्या’ झाले. अर्धचंद्रासारखा र आणि रफार यांतला फरक मराठीत अर्थच बदलून टाकतो. प्रुफे वाचताना ती चूक आमच्याही नजरेतून सुटली आणि लेखकाला फार वाईट वाटले. टाइप केलेले अक्षर छापखान्यापर्यंत तसेच पोहोचावे, एवढी एकच अपेक्षा ठेवून मी या सॉफ्टवेअरकडे वळलो.

ती अपेक्षा १.६ या आवृत्तीने पूर्ण केली. पूर्वीच्या १.४ मालिकेत देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळत नसत, म्हणून अनेकांनी हे सॉफ्टवेअर एकदा पाहून सोडून दिले होते. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या १.६ मध्ये अक्षरजुळणीची नवी यंत्रणा आहे. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’, ‘ट्र’ हे सारे मी मोठ्या आकारात छापून पाहिले आणि सगळे बिनचूक आले. जुन्या अनुभवावरून मत बनवलेल्यांनी ते एकदा पुन्हा उघडून पाहावे असे मला मनापासून वाटते.

वर्डची सवय असलेल्याला पहिला आठवडा मात्र जड जातो. येथे कोऱ्या पानावर थेट लिहिता येत नाही. आधी मजकुराची चौकट काढायची, मग तिच्यात मजकूर ओतायचा. मजकूर मावला नाही तर चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लाल खूण दिसते आणि तो पुढच्या पानावरच्या चौकटीशी जोडून द्यावा लागतो. हे सुरुवातीला त्रासाचे वाटते, परंतु पान म्हणजे आधी मोकळी जागा आणि मग त्या जागेत अक्षरे, ही गोष्ट मला या चौकटींमुळेच समजली. वर्डमध्ये समास आधीच ठरलेला असतो आणि आपण त्याचा विचारच करत नाही. येथे ए-पाच आकाराच्या, म्हणजे १४८ मिलिमीटर रुंदीच्या पानावर बांधणीकडे १८ आणि बाहेर १६ मिलिमीटर समास ठेवायचा हा निर्णय मला स्वतः घ्यावा लागला. उरलेल्या ११४ मिलिमीटरमध्ये साधारण दहा-अकरा शब्दांची ओळ बसते, आणि ती डोळ्यांना सोसवते.

सर्वांत अधिक शिकायला मिळाले ते ओळींमधल्या अंतराविषयी. माझे पहिले पान १२ पॉइंटच्या (पॉइंट हे अक्षराचा आकार आणि ओळींमधले अंतर मोजण्याचे माप) अक्षरात आणि आपोआप ठरणाऱ्या अंतरात लावलेले होते, आणि ते दाट, गुदमरलेले दिसत होते. भिंग घेऊन पाहिल्यावर कारण कळले. वरच्या ओळीतल्या ‘पूर्तता’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘निर्मिती’च्या रफाराला आणि वेलांटीला जवळजवळ टेकत होता. रोमन अक्षराला पुरणारे अंतर देवनागरीला पुरत नाही, कारण आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वरही मजला आहे आणि अक्षराच्या खालीही. अंतर १८ पॉइंटवर नेले, पानावर २७ ओळी बसवल्या आणि ‘बेसलाइन ग्रिड’ नावाच्या सोयीने समोरासमोरच्या पानांवरील ओळी एका रेषेत आणल्या. पानांची संख्या वाढली, हे खरे, आणि तीन फॉर्मांत, म्हणजे १६ पानांच्या तीन घड्यांत अंक बसवण्यासाठी दोन लेख थोडे छाटावे लागले. तरीही वाचनालयातल्या वृद्ध वाचकांनी चष्मा न बदलता अंक वाचला, याचे मोल मला त्या छाटणीहून अधिक वाटते.

या सॉफ्टवेअरची एक गोष्ट मला विशेष आवडली. वर्डमध्ये अक्षर ठळक किंवा तिरपे करण्याची बटणे असतात आणि फॉन्टमध्ये ते वळण नसले तरी संगणक अक्षर फुगवून किंवा ओढून ते तयार करतो. स्क्रायबस तसे करत नाही. फॉन्टमध्ये जे वळण खरोखर असेल तेच यादीत दिसते. मजकुरासाठी मी ‘तिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फॉन्ट निवडला. त्यात साधे आणि तिरपे अशी दोनच वळणे आहेत, ठळक नाही. काही काळ मी अडखळलो. मग उपशीर्षकांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचा ‘मुक्त’ घेतला, ज्यात जाडीची सात वळणे आहेत, आणि लेखाच्या आतले शब्द ठळक करणे पूर्ण थांबवले. महत्त्व दाखवण्यासाठी आकार आणि मोकळी जागा पुरेशी असते, हे या अडवणुकीतूनच मला उमगले. एक सूचना मात्र करावीशी वाटते. शीर्षकासाठी कोणताही फॉन्ट घेताना ‘ल’ आणि ‘श’ टाइप करून पाहावेत. मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ अनेक फॉन्टमध्ये आपोआप मिळत नाहीत आणि एकाच पानावर दोन प्रकारचे ‘ल’ फार खटकतात.

मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ करण्याचा मोह बहुतेकांना होतो, मलाही झाला. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ यासारखे प्रत्यय लागून लांबलेले शब्द मराठीत जागोजाग येतात. असा शब्द ओळीत न मावता खाली गेला की वरच्या ओळीत भोके पडतात. अरुंद स्तंभात तर ती फारच दिसतात. म्हणून दोन स्तंभांच्या पानांवर मी उजवी कड मोकळी सोडली आणि एका स्तंभाच्या पानांवरच ती सरळ ठेवली.

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. लांब मजकूर थेट पानावर दुरुस्त करताना सॉफ्टवेअर रेंगाळते, त्यामुळे दुरुस्त्या ‘स्टोरी एडिटर’ या स्वतंत्र खिडकीत कराव्या लागतात. तक्ते करणे किचकट आहे. जमाखर्चाचे पान लावायला मला एक पूर्ण संध्याकाळ लागली. १.६ मध्ये साठवलेली फाइल १.४ मध्ये उघडत नाही, म्हणून सोबत काम करणाऱ्या सर्वांकडे एकच आवृत्ती असावी. नुसती सूचना किंवा दोन पानी पत्रक काढायचे असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही, त्याला लिब्रेऑफिस हे वर्डसारखे मोफत सॉफ्टवेअर पुरते.

छपाईपूर्व तपासणीची सोय मात्र उत्तम आहे. पीडीएफ करण्याआधी ते न मावलेला मजकूर, फॉन्टमध्ये नसलेली अक्षरे आणि कमी रेझोल्युशनची, म्हणजे छपाईत धूसर दिसतील अशी, छायाचित्रे पानागणिक दाखवते. मोबाइलवरून आलेली आमची सहा छायाचित्रे त्यात अडकली आणि ती मूळ स्वरूपात पुन्हा मागवावी लागली. कागद कापताना लागणारी, छापखान्याने मागितलेली बाहेरची ३ मिलिमीटर जादा जागाही एका आकड्याने मिळाली.

शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी परिच्छेदाच्या शैली (फॉन्ट, आकार आणि अंतर एकदाच ठरवून ठेवण्याची सोय) आणि मुख्य पान, म्हणजे पृष्ठांकासारख्या गोष्टी सगळ्या पानांवर आपोआप आणणारे ‘मास्टर पेज’, तयार करावे. मी ते उशिरा केले आणि वीस पानांवरचे पृष्ठांक हाताने बदलत बसलो. शैली झाल्यावर मात्र अंतर १७ चे १८ करणे हे ४८ पानांसाठी एका क्षणाचे काम ठरले. अंक छापून आल्यावर मी ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ने फाइल, फॉन्ट आणि छायाचित्रे एका फोल्डरमध्ये गोळा केली आणि ते फोल्डर वाचनालयाच्या संगणकावर ठेवले आहे. पुढच्या वर्षी हे काम ज्याच्याकडे येईल त्याला तेच समास आणि त्याच शैली तयार मिळतील.