चाकावरचं असेंब्ली टेबल: लोखंडी फ्रेम की पूर्ण प्लाय? ड्रॉवर आणि फरशी बघून ठरवा

सांगली भागात कुपवाड, माधवनगर, मिरज एमआयडीसी या सगळ्या पट्ट्यात फर्निचरची छोटी छोटी शेड आहेत आणि जागा सगळ्यांनाच कमी पडते, म्हणून फर्निचर जोडायला सरकवता येणारं आणि खाली ड्रॉवर असलेलं टेबल करायचंय असं म्हणणारे बरेच भेटतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला, लोखंडात करू का प्लायमध्ये? बहुतेक जण उत्तर मजबुतीत शोधतात. माझं मत विचाराल तर नीट केली तर दोन्ही दणकट होतात, वर माणूस उभा राहिला तरी हलत नाहीत. तुम्हाला ड्रॉवर किती पाहिजेत आणि शेडची जमीन कशी आहे, या दोन गोष्टींवर ठरवा.

६ बाय ३ फुटाचं टेबल धरून चालू, वर १९ एमएम प्लायचे दोन थर. लोखंडात ४० बाय ४० चा, २ एमएम जाडीचा चौकोनी पाइप घेतला तर मीटरला साधारण २.४ किलो भरतो, अशा टेबलाला ६ मीटरचे ३ पाइप पुरतात, म्हणजे फ्रेम ४० किलोच्या आसपास. आता प्लायचं बघा, ८ बाय ४ ची १९ एमएम शीट एकटीच ३५ ते ४० किलो असते, आणि बॉडी, पार्टिशन, टॉप मिळून तीनेक शीट सहज जातात, वर ड्रॉवरचं १२ एमएम वेगळं. म्हणजे पूर्ण प्लायचं टेबल दीडशे किलोच्या जवळ जातंय आणि लोखंडी फ्रेमवालं ड्रॉवर धरूनसुद्धा त्यापेक्षा हलकं बसतं. लोखंड म्हणजे जड हा समज इथं उलटा पडतो.

आता ड्रॉवर, खरा फरक इथंच आहे. टेलिस्कोपिक चॅनेलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो ती लोखंडी सरकपट्टी) प्रत्येक बाजूला अर्धा इंच म्हणजे चार सूत जागा लागते, त्यामुळं ड्रॉवरचा खोका मोकळ्या रुंदीपेक्षा साधारण २६ एमएम कमी ठेवायचा. एक एमएम जास्त झाला की ड्रॉवर अडतो आणि दोन-तीन एमएम कमी झाला की चॅनेलच्या मागं पट्टी सारून भरावं लागतं. प्लायच्या बॉडीत हे सोपं जातं कारण पार्टिशन सरळ कापलेलं असतं, गुण्या लावून खोका जोडला की दोन्ही बाजू समांतर येतात. लोखंडात तसं नाही, वेल्डिंगला पाइप ओढ घेतो, पुढं मागं एक-दोन सूत फरक पडतो, आणि त्या पाइपवर थेट चॅनेल मारलं की पहिल्या आठवड्यापासून ड्रॉवर घासायला लागतो. फॅब्रिकेटर किती का हुशार असेना, एवढ्या काटेकोर मापात पाइप वेल्ड करून मिळत नाही, त्यात त्याला दोष देऊ नये. त्यापेक्षा ड्रॉवरचा प्लायचा खोका वेगळा बनवून घ्या आणि तो फ्रेमच्या आत सारून चार बोल्टांनी आवळा.

चार-सहा ड्रॉवर हवे असतील तर हे जमून जातं. बारा-सोळा हवेत, दोन्ही बाजूंनी उघडणारे (३ फूट रुंदीच्या टॉपखाली १२ इंची चॅनेल दोन्हीकडून बसतात), तर लोखंडाच्या भानगडीत पडू नका, सरळ प्लायची बॉडी करा, नाहीतर फ्रेमचे पैसे आणि खोक्याचे पैसे असा दुहेरी खर्च होतो. लोखंड किलोवर आणि प्लाय स्क्वेअर फुटावर मिळत असल्यामुळं दोन्हीची बेरीज आधी कागदावर मांडलेली बरी.

पण क्लॅम्पचं, म्हणजे जोड दाबून धरायच्या शिकंज्याचं, विसरू नका! असेंब्ली टेबलाचं निम्मं काम क्लॅम्प लावायचं असतं, त्यासाठी टॉप चारही बाजूंनी ३ ते ४ इंच बाहेर पाहिजे. लोखंडी फ्रेमला खालून मोकळी जागा असते म्हणून कुठंही क्लॅम्प बसतो. प्लायच्या टेबलात वरचा ड्रॉवर टॉपला चिकटून दिला की क्लॅम्पचा जबडा आत जातच नाही. तिथं वरचे ४ इंच रिकामे सोडा, एक ड्रॉवर कमी झाला तरी चालतंय.

चाकांच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. दोन इंची चाकं घेऊच नका, शहाबादी फरशीच्या सांध्यात नाहीतर पडलेल्या स्क्रूवर अडकतात, ४ इंची पीयूची (पॉलियुरेथेनची) घ्या. चाकाची ताकद ठरवताना एकूण वजनाला चारानं न भागता तीनानं भागा, कारण खडबडीत कोब्यावर एक चाक बऱ्याचदा अधांतरी राहतं. टेबल, हत्यारं आणि वरचा माल मिळून ३०० किलो धरले तर एका चाकाला १०० किलो पेलता आलं पाहिजे. ब्रेक घेताना चाकाचं फिरणं आणि वळणं दोन्ही लॉक करणारा घ्या, नुसतं चाक अडवणाऱ्या ब्रेकवर रंधा मारताना टेबल जागच्या जागी डुलतं.

जमीन खरंच वाईट असेल तर चाकं उचलली जातील आणि टेबल पायावर बसेल अशी सोय हवी. इथं लोखंड पुढं जातं. पायाच्या तळाला नट वेल्ड केला, त्यात १२ एमएमचा बोल्ट घातला की लेव्हलिंगचा पाय तयार, प्लायला त्यासाठी लोखंडी प्लेट आणि जास्तीचं लाकूड लावत बसावं लागतं. आणि लेव्हल का एवढी महत्त्वाची, तर पीळ असलेल्या टेबलावर जोडलेलं कपाटही पीळ घेऊनच उठतं आणि मग दारं काही केल्या जुळत नाहीत. तपासायला सोपं आहे, चार कोपऱ्यांवर सारख्या जाडीचे ठोकळे ठेवून दोन दोऱ्या तिरक्या ताणायच्या, मध्ये एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. मग खालची दोरी वर घेऊन परत बघायचं. एकदा टेकतात आणि एकदा दाबतात किंवा फट राहते, म्हणजे पीळ आहे. पाणसळीनं हे एवढं पटकन कळत नाही.

सांगलीत अजून एक गोष्ट बघावी लागते, पाणी. आयर्विन पुलावर कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तुमचं शेड पुराच्या पट्ट्यात असेल तर एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डचं नावच काढू नका, पाणी लागलं की फुगतंच. साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) प्लायही नको, आयएस ७१० चा मरीन घ्या. आणि अशा जागी माझा कौल सरळ लोखंडी फ्रेमला, ड्रॉवर चॅनेलवरून काढून माळ्यावर टाकता येतात, चार बोल्ट सोडले की खोकाही निघतो, आणि फ्रेम पाण्यात राहिलीच तर घासून रेड ऑक्साइड मारून परत वापरात येते.

दोन्हीत लागू असलेल्या बारीक गोष्टी सांगतो. जड हत्यारं खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवा आणि एकाच बाजूचे भरलेले ड्रॉवर एकदम उघडू नका, टेबल कलंडू शकतं. सरकवताना ड्रॉवर आपोआप बाहेर येतात म्हणून प्रत्येकाला छोटी कडी नाहीतर लॉक लागतोच. चॅनेलच्या ग्रीसमध्ये भुसा बसतो, अधूनमधून पुसत राहा. लाकडी पट्टीवर सरकणारे ड्रॉवर स्वस्त पडतात आणि मेण लावलं की उन्हाळ्यात छान चालतात, पावसाळ्यात मात्र फुगून अडतात, म्हणून रोजच्या हत्यारांना चॅनेलच बरं.

कटिंगला प्लाय देण्याआधी चॅनेल आणि चाकं घरात आणून ठेवा आणि माप त्यावरून काढा. टेबल ३२ इंच उंच हवंय, ४ इंची चाक प्लेट धरून साधारण ५ इंच भरतं, टॉपचे दोन थर दीड इंच, म्हणजे बॉडी किंवा फ्रेम साडेपंचवीस इंचाची कापायची, आणि चाक हातात आल्यावर ते ५ इंच टेप लावून परत मोजायचे.