वेरूळ आणि देवगिरीवर आठ महिने चाललेला जीपीएस ऑडिओ गाइड : आत काय आहे, काय टिकतं

गळ्यात अडकवायचा आणि जागा ओळखून आपोआप बोलायला लागणारा प्लेअर. बारा नग, ऑक्टोबर ते मे. उघडून पाहिला की कळतं, चिपवर पैसा नीट खर्च केलाय. काटकसर केलीय ती अँटेना, हेडफोन जॅक आणि बॅटरीत. तक्रारीही नेमक्या त्याच तिघांच्या.

जागा ओळखणारी चिप, म्हणजे रिसीव्हर, यूब्लॉक्स कंपनीचा निओ-एम8एन. जीपीएस आणि ग्लोनास (रशियाची तशीच उपग्रह यंत्रणा) एकदम पकडतो. त्याला जोडलेली सिरॅमिकची चौकोनी अँटेना स्क्रीनच्या वर, स्क्रीनच्याच दिशेला तोंड करून बसवलीय. तिला तोंडावर आकाश लागतं. गळ्यात लोंबताना प्लेअर उभा राहतो, अँटेना क्षितिजाकडे बघते आणि मागचं आकाश पाहुण्याचंच अंग अडवतं. सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्याला, स्क्रीन वर करून अडकवला की फरक लगेच दिसतो.

वेरूळचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे पूर्वेचं आकाश खडकाने खाल्लेलं. त्यामुळे चूक जास्त करून पूर्व-पश्चिम वाढते. लेणी मात्र उत्तर-दक्षिण रांगेत, म्हणून क्रम सहसा बिघडत नाही. बिघडतो तो 10, 11, 12 या शेजारशेजारच्या लेण्यांत. ज्यात पाऊल टाकलं की रेकॉर्डिंग सुरू होतं ती मूळ 25 मीटरची वर्तुळं तिथे एकमेकांवर चढतात. त्रिज्या 12 मीटर आणि किमान थांबा 5 सेकंद केल्यावर गोंधळ बराच कमी झाला. कैलासच्या चौकात मागची भिंत सुमारे 33 मीटर उंच. सिग्नल भिंतींवर आपटून येतात आणि ठिपका इकडून तिकडे उड्या मारतो. तिथे आपोआप वाजणं बंद ठेवून नंबर दाबायला सांगावं. तीन तालचे (तीन मजली लेणं 12) मजले ओळखणं याच्या आवाक्यातलं नाही. देवगिरीच्या अंधारीत (किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत) सिग्नल शून्य, म्हणून तिथला ट्रिगर, म्हणजे आवाज सुरू करणारी जागा, दाराबाहेर ठेवावा.

सकाळी 'सिग्नल नाही' दिसलं की लोक प्लेअर बंद-चालू करत बसतात. तेच करू नये. प्रत्येक जीपीएस उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर 30 सेकंदांनी पाठवतो, त्यातले 18 सेकंद सलग मिळावे लागतात. तिकीट खिडकीच्या पत्र्याखाली ते तुटत राहतात. वाटप करण्याआधी सगळे नग पार्किंगच्या मोकळ्या जागेत, तोंड आकाशाकडे, दोन-तीन मिनिटं ठेवा. बोर्डावरचा छोटा बॅकअप सेल भरलेला असेल तर ती माहिती साधारण चार तास कामी येते. नग आठवडाभर पडून राहिला की सेल रिकामा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

प्लेअरमधल्या होकायंत्रावर अजिबात विसंबू नका. आतल्या स्पीकरचं चुंबक जवळ आहे, वर इथला बेसाल्ट स्वतःच चुंबकीय. 'डावीकडे पाहा' म्हणणारा बाण उजवीकडे फिरलेला दिसतो. रेकॉर्डिंगमध्येच 'हत्तीच्या शिल्पाकडे तोंड करा' असं सांगितलेलं बरं.

सर्वांत आधी गेला तो 3.5 मिमी जॅक. तो बोर्डाला फक्त सोल्डरवर धरलेला, पेटीचा आधार नाही. वायर ओढली की एक कान बंद. चिमटीने पाय पुन्हा सोल्डर करता येतात, पण बोर्डावरचा तांब्याचा पॅड उखडला तर पातळ तार टाकावी लागते. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक नगात आखूड एक्स्टेंशन वायर कायमची लावून पेटीला बांधून टाकायची; झिजली की तीच बदलायची.

एप्रिल-मेमध्ये दुपारी परत आलेला नग चार्जिंगला लावला तर चार्ज होत नाही. बिघाड नसतो: बॅटरीला चिकटलेला तापमान सेन्सर 45 अंशांच्या वर चार्जिंग थांबवतो. अर्धा तास सावलीत, पंख्याखाली. फ्रिजमध्ये नाही, आत पाणी धरतं. स्क्रीनच्या कडेला फट दिसायला लागली तर बॅटरी फुगलीय. दाबून बसवू नका, तो नग तिथेच बाजूला काढा.

मेमरी कार्डाची काळजी नको. 64 केबीपीएस मोनो (एकाच चॅनलच्या) आवाजात मिनिटाला सुमारे अर्धा एमबी, म्हणजे तीन तासांची एक भाषा 90 एमबीच्या आत. 4 जीबीचं कार्ड पुष्कळ. फक्त मार्गाची नोंद ठेवण्याचा पर्याय बंद करा. तो दर सेकंदाला कार्डावर लिहितो, आणि लिहिता लिहिता बॅटरी संपली की पूर्ण कार्डच वाचता येईनासं होतं.