खंदकात पडलेल्या ज्यू शिपायाचा शोध: वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं संकेतस्थळ कितपत कामाचं?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेकडून लढताना मेलेल्या ज्यू स्थलांतरित तरुणाचा माग काढायचा, तर सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरूनच करावी. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी आहेत आणि शोध फुकट आहे.

अडचण नावापासूनच सुरू होते. धर्मानुसार शोधायची सोय नाही. पूर्व युरोपातलं आडनाव कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं, आणि कित्येक मुलं इंग्रजी वळणाच्या भलत्याच नावाने भरती झालेली. म्हणून आडनावावर अडून बसू नका. मृत्यूची तारीख आणि पलटण टाका, किंवा ‘ॲडिशनल इन्फर्मेशन’च्या रकान्यात ‘रशिया’, ‘व्हाइटचॅपल’ (लंडनमधली ज्यू वस्ती) असे शब्द इंग्रजीत घालून बघा; खरं नाव बऱ्याचदा तिथेच निघतं. नुसत्या शिपाई क्रमांकावर भिस्त नको, कारण तेव्हा एकच क्रमांक वेगवेगळ्या पलटणींत दिला जाई. वय आणि आईवडिलांची माहिती घरच्यांनी भरलेल्या फॉर्मवरून आली आहे. फॉर्म परत आला नसेल, तर रकाना कोराच.

खरा ऐवज नोंदीखाली जोडलेल्या मूळ कागदांत आहे, आणि बहुतेक लोक तिथवर जातच नाहीत. कबरींवरच्या शिळांच्या यादीत क्रूस कोरायचा की दाविदाचा तारा, हे लिहिलेलं असतं. कुटुंबाने दिलेला मजकूरही तिथेच सापडतो. त्याला मोकळ्या जागा धरून ६६ अक्षरांची मर्यादा होती. रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा, कवी आयझॅक रोझेनबर्ग १ एप्रिल १९१८ रोजी फ्रान्समधल्या आरासजवळ मारला गेला. त्याच्या शिळेवर तारा आहे, ‘कलावंत आणि कवी’ असे शब्द आहेत, आणि वर ‘या जागेजवळ पुरले’ असंही आहे. म्हणजे शिळा आहे तिथेच देह आहे, असं समजू नये.

देह दुसरीकडून हलवला असेल, तर त्याच मूळ कागदांत ‘५१बी.एच.२३.सी.४.७’ असा नकाशा-संकेत मिळतो. ५१बी हा नकाशा, एच हा मोठा चौकोन, २३ हा त्यातला हजार यार्डांचा चौकोन, सी म्हणजे त्याचा नैर्ऋत्येचा पाव भाग. पुढचे आकडे त्या पाव भागाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून मोजायचे, आधी पूर्वेकडे, मग उत्तरेकडे. दर आकड्यामागे ५० यार्ड. वरच्या कोपऱ्यापासून मोजलं की जागा हमखास चुकते. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचे खंदक-नकाशे फुकट बघता येतात, ते शेजारी उघडून ठेवा.

त्या दिवशी खंदकात काय घडलं, ते मात्र इथे कळत नाही. त्यासाठी ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली पलटणीची रोजनिशी काढावी लागते, मालिका डब्ल्यूओ ९५. साध्या शिपायाचं नाव तिच्यात क्वचित असतं, पण तारीख, जागा आणि हल्ल्याची वेळ जुळवता येते. सेवापत्रिका मिळेलच असं नाही. १९४० च्या बाँबहल्ल्यात त्यांतल्या निम्म्याहून अधिक जळाल्या.