टिंबर: फोनमध्येच लॉग साठवायचे म्हणून घेतलेली लायब्ररी

माझ्या अँड्रॉइड अ‍ॅपचं सिंक (सर्व्हरशी डेटा जुळवणं) काही जणांच्या फोनवर मध्यरात्री बंद पडायचं. माझ्या फोनवर एकदाही नाही. लॉगकॅट, म्हणजे अ‍ॅप काय करतंय याच्या अँड्रॉइडने ठेवलेल्या नोंदी (लॉग), बघायचा तर तो फोन केबलने किंवा वाय-फायवरून माझ्या लॅपटॉपला जोडलेला हवा. शिवाय लॉगकॅटचा बफर (तात्पुरता साठा) साधारण २५६ केबीचा असतो. नव्या ओळी आल्या की जुन्या पुसल्या जातात. सकाळपर्यंत रात्रीचं काही उरत नाही.

म्हणून जेक व्हार्टन यांची टिंबर घेतली. अँड्रॉइडच्याच लॉग क्लासवर बेतलेली, अगदी छोटी लायब्ररी. तुम्ही 'झाड' लावता आणि लॉगच्या ओळी त्या झाडाकडे जातात. एकही झाड लावलं नाही, तर कुठेच काही लिहिलं जात नाही. टिंबरसोबत येणारी डीबगट्री टॅगसाठी (ओळ कुठून आली ते सांगणाऱ्या खुणेसाठी) क्लासचं नाव आपणहून घेते आणि फार लांब मजकुराचे तुकडेही पाडते. रिलीज बिल्डमध्ये, म्हणजे लोकांना द्यायच्या अ‍ॅपमध्ये, मात्र आर८ हे कोड आटोपशीर करणारं साधन क्लासची नावं बदलून टाकतं, तिथे टॅग हातानेच द्या.

फाइलमध्ये लिहिणारं झाड यात नाही. खरं काम तेच, आणि ते आपल्यालाच करावं लागतं. माझं साठेक ओळींत झालं. सगळं लिखाण एका बॅकग्राउंड थ्रेडवर. ५०० केबी भरले की नवी फाइल, आणि शेवटच्या दोनच ठेवायच्या. फाइली कॅशेत ठेवू नका; फोनची जागा संपत आली की सिस्टिम कॅशे साफ करते. क्रॅशच्या वेळी रांगेत अडकलेल्या ओळी आधी फाइलमध्ये उतरवून मगच क्रॅश आधीपासून हाताळणाऱ्या जुन्या हँडलरकडे सोपवायचं. सेटिंग्जमध्ये 'लॉग पाठवा' हे बटण ठेवलं. ते दाबल्याशिवाय एक ओळही फोनबाहेर जात नाही, याबाबत मी हट्टी आहे.

पहिल्याच आठवड्यात चाचणीच्या फाइलमध्ये माझं लॉगिन टोकन (पासवर्डसारखीच गुप्त किल्ली) अख्खंच्या अख्खं दिसलं. छातीत धस्स झालं. नेटवर्कचे हेडर (विनंतीसोबत जाणारी माहिती, टोकन त्यातच असतं) लॉगमध्ये छापणं त्याच दिवशी काढून टाकलं आणि टोकनसारखं काहीही झाडातच झाकलं जाईल अशी सोय केली. हे आधी करा, बाकीचं नंतर.

सिंकचा उलगडा लोकांकडून आलेल्या तिसऱ्या फाइलमध्ये झाला. फोन डोझमध्ये (बॅटरी वाचवणाऱ्या झोपेत) गेलेला, नेटवर्क मिळत नव्हतं, आणि माझ्याच कोडने पाचही प्रयत्न तिथेच संपवून पुन्हा प्रयत्न करणं थांबवलेलं. ते काम आता अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजर या कामं वेळेवर चालवणाऱ्या लायब्ररीकडे दिलंय, नेटवर्क असेल तेव्हाच चालव अशी अट घालून. फाइलट्री, म्हणजे फाइलमध्ये लिहिणारं माझं ते झाड, अजून अ‍ॅपमध्येच आहे. ती काढणार नाही.