आतलीच हवा की बाहेरची? गाडीच्या एसीचं ते बटण कधी दाबायचं

एसीच्या बटणांमध्ये एक बटण असतं, ज्यावर गाडीची आकृती आणि तिच्या पोटात वळलेला बाण असतो. जुन्या गाड्यांत बटणाऐवजी आडवी सरकणारी दांडी असते. हे रीसर्क्युलेशनचं, म्हणजे गाडीतलीच हवा पुन्हा फिरवण्याचं बटण. कित्येक गाड्यांत ते बारा महिने एकाच बाजूला पडून असतं, कारण ‘एसी लागतोय ना, मग झालं’. पण नागपूरचा मे, बोरघाटातला जुलै आणि चार माणसांसह रात्रीचा सहा तासांचा प्रवास, या तिन्हींना एकच उत्तर चालत नाही.

माझं मत आधीच सांगतो. शहरातल्या गर्दीत आणि कडक उन्हात आतली हवा फिरवा. घाटातल्या पावसात आणि लांबच्या प्रवासात बाहेरची येऊ द्या. याला काही अपवाद आहेत आणि नेमके तेच अपवाद महत्त्वाचे आहेत.

बटण दाबल्यावर काय होतं

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, बसवलेला असतो. त्याच्या तोंडाशी एक झडप असते, गॅरेजमध्ये तिला ‘फ्लॅप’ म्हणतात. फ्लॅप एका बाजूला असला की पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली जी जाळी दिसते तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. दुसऱ्या बाजूला वळला की ती वाट बंद होते आणि ब्लोअर पुढच्या सीटवरच्या माणसाच्या पायाजवळची, म्हणजे गाडीतलीच हवा घेतो.

पुढचा प्रवास दोन्हींचा सारखाच आहे. हवा कूलिंग कॉइलवरून जाते, गार होते, तिच्यातलं बाष्प कॉइलवर पाणी होऊन साचतं आणि नळीवाटे गाडीखाली ठिबकतं. म्हणजे बाहेरची हवा घेतली तर ‘एसी बंद झाला’ असं होत नाही. तीही कॉइलवरूनच येते. मात्र ती गार करायला मेहनत जास्त पडते.

बाहेरची हवा सतत आत येते तेव्हा तितकीच हवा कुठून तरी बाहेरही जावी लागते. त्यासाठी डिकीच्या बाजूला, बहुधा मागच्या बंपरआड, रबरी पडद्यांच्या खिडक्या असतात. आतली हवा फिरवत असताना ही ये-जा जवळपास थांबते. फायदे आणि तोटे दोन्ही इथूनच निघतात.

गारव्यात आतली हवा जिंकते, पण पहिली काही मिनिटं नाही

चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बाहेरची हवा घेतली तर कॉइलला ही ४५ अंशांची हवा सतत गार करावी लागते. आतली हवा फिरवली तर एकदा २७ अंशांवर आलेलीच हवा पुन्हा पुन्हा गार होत राहते. कॉम्प्रेसरवरचा ताण कमी होतो, झोतही अधिक थंड येतो आणि इंधन वाचतं. इलेक्ट्रिक गाडीत एसीची वीज थेट बॅटरीतून जाते, म्हणून उन्हाळ्यात त्या गाडीवाल्यांनी याकडे जास्तच लक्ष द्यावं.

आता अपवाद. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी तापलेली असते, ६० अंशांपर्यंतही जाते. त्या क्षणी बाहेरची ४५ अंशांची हवाच जास्त गार आहे. तरीही बसल्या बसल्या काचा बंद करून रीसर्क्युलेशन लावलं, तर तीच भट्टीतली हवा आपण कॉइलला पुन्हा पुन्हा देत राहतो. आधी चारही काचा खाली करा, ब्लोअर जोरात ठेवा, फ्लॅप बाहेरच्या हवेवर ठेवा आणि मिनिट-दोन मिनिटं गाडी चालवा. कोंडलेली गरम हवा निघून गेली की काचा वर आणि मग रीसर्क्युलेशन.

पावसाळ्यात प्रश्न गारव्याचा नसतो, काचेचा असतो

काचेवर वाफ धरली की ‘बाहेरची हवा लाव’ हा सल्ला सगळे देतात. तो घाटात अचूक आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र तो अर्धाच बरोबर आहे.

कारण असं: हवा जितकी गार, तितकं तिच्यात बाष्प कमी मावतं. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास, २८ अंशांच्या हवेत साधारण २७ ग्रॅम. महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या धुक्यात बाहेरची हवा अगदी ओलीचिंब वाटली तरी ती गार असते, म्हणून तिच्यात बाष्प मर्यादितच असतं. उलट भिजलेले कपडे, टपकणारी छत्री आणि चार माणसांचे श्वास यांनी गाडीतली हवा त्याहून दमट झालेली असते. अशा वेळी एसी बंद ठेवून आतली हवा फिरवली तर काही मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं. घाटात हे जिवावर बेतू शकतं. इथे बाहेरची हवा घ्या, एसीही चालूच ठेवा म्हणजे हवा कोरडी होऊन येईल, झोत काचेवर सोडा आणि थंडी वाजत असेल तर तापमानाचं बटण गरमकडे फिरवा. एसी आणि हीटर एकत्र लावायला काहीच हरकत नाही. पुढच्या काचेचं डीफॉगर बटण दाबलं की बऱ्याच गाड्या फ्लॅप आपोआप बाहेरच्या हवेवर नेतात आणि एसी सुरू करतात, ते याचसाठी.

जुलैतली मुंबई वेगळी. २८ अंश, दमटपणा ९० टक्के, म्हणजे घनमीटरमागे २४-२५ ग्रॅम बाष्प. एसी चालू असेल तर गाडीतली हवा याहून बरीच कोरडी असते. इथे मुळात महत्त्वाचं आहे ते एसी चालू असणं, फ्लॅपची बाजू त्यानंतर. आणि दमट रात्री काच धुरकट होते ती बऱ्याचदा बाहेरून, थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब धरतात तशी. ओळखायला सोपं आहे: काचेवरून आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर वाफ आतली. उमटली नाही तर बाहेरची, मग वायपर फिरवा, काचेवर येणारा गार झोत दुसरीकडे वळवा आणि तापमान दोन अंश वाढवा. बाहेरून धरलेल्या वाफेवर एसी आणखी थंड केला तर वाफ वाढतेच.

धूर, धूळ आणि झोप

सिग्नलला काळा धूर सोडणाऱ्या ट्रकमागे उभे असाल, रस्त्याचं काम चालू असेल, शेजारी कचरा जळत असेल, तर विचार न करता आतली हवा. धूळ आणि धूर दोन्ही बऱ्यापैकी अडतात. बोगद्यांतही तेच करा. एक्स्प्रेसवेवरचा भाताण बोगदा मिनिटाभरात सरतो, पण समृद्धीवरचा इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा आहे. आत शिरायच्या आधी बटण दाबा आणि बाहेर पडलात की आठवणीने काढा.

‘आठवणीने काढा’ हे मी मुद्दाम लिहितोय, कारण या बटणाचा सगळ्यात मोठा तोटा इथेच आहे. एक साधा हिशोब करून बघा. शांत बसलेला प्रौढ माणूस तासाला १८-२० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. मध्यम गाडीत हवा असते सुमारे ३,००० लिटर. चार माणसं दहा मिनिटांत १२-१३ लिटर सोडतात, म्हणजे बाहेरच्या ४२० पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आकडा ४,००० च्या पुढे जाऊ शकतो. गाडी पूर्ण हवाबंद नसते, फटींतून थोडी हवा येत-जात राहते, म्हणून प्रत्यक्षात वाढ यापेक्षा सावकाश होते. पण दिशा तीच. साधारण १,००० पीपीएमच्या वर खोली कोंदट वाटू लागते. गाडीत त्याच्या कितीतरी पुढे गेलं तरी गार हवेमुळे कोंदटपणा जाणवत नाही. जाणवतं ते जडावलेलं डोकं, जांभया आणि पेंगणारी मुलं.

रात्री समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला सुस्ती येणं किती धोक्याचं आहे हे सांगायला नको. म्हणून मोकळ्या हायवेवर, हवा बरी असताना, फ्लॅप बाहेरच्या हवेवरच ठेवावा असं माझं ठाम मत आहे. ऊन फारच असेल तर आतली हवा फिरवा, पण दर पंधरा-वीस मिनिटांनी पाच मिनिटं तरी बाहेरची घ्या. गाडीत एकटेच असाल तर घाई कमी, माणसं भरलेली असतील तर जास्त. आणि खरी झोप येत असेल तर ताजी हवा हा उपाय नाही, गाडी थांबवून विश्रांती घ्या.

विश्रांती घेताना मात्र इंजिन आणि एसी चालू ठेवून, काचा लावून झोपू नका. सायलेन्सरची गळती असेल किंवा गाडी बंद शेडमध्ये, भिंतीला खेटून उभी असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. रीसर्क्युलेशन त्यापासून वाचवत नाही. फटींतून आत आलेला वायू उलट आतच फिरत राहतो. इंजिन बंद करा, सावली शोधा, काचा थोड्या उघड्या ठेवा.

ऑटो एसी असेल तर

क्लायमेट कंट्रोल असलेल्या गाड्या फ्लॅप बऱ्याचदा स्वतःच फिरवतात: सुरुवातीला झपाट्याने गार करताना आतली हवा, नंतर बाहेरची. काही महागड्या गाड्यांत धूर ओळखणारा सेन्सरही असतो. नवी गाडी घेताना फक्त या एका सोयीसाठी वरचं मॉडेल घ्यावं असं मला वाटत नाही. हाताने बटण दाबायची सवय तेच काम करते. पण घरातले वेगवेगळे लोक गाडी चालवत असतील आणि त्यांतल्या कोणालाच याकडे बघायचं नसेल, तर ऑटोचे पैसे वसूल होतात.

दोन्हींना लागणारी निगा

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत फ्लॅपच्या पुढे बसतो, म्हणजे दोन्ही प्रकारची हवा त्यातूनच जाते. फिल्टर चोंदला तर कुठलंही बटण दाबा, झोत कमीच येणार. साधा फिल्टर धूळ अडवतो, धुराचा वास आणि वायू नाही. त्यासाठी अॅक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर लागतो. धुळीच्या रस्त्यांवर रोज जाणं असेल तर सर्व्हिसिंगची वाट न बघता मध्येच काढून बघा, बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स उघडून हाताने निघतो. झाडाखाली गाडी लावत असाल तर वायपरखालच्या जाळीतली पानंही काढा. ती कुजली की बाहेरच्या हवेबरोबर त्यांचा वास आत येतो. एसी लावल्यावर कुबट वास येत असेल तर पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून, बाहेरच्या हवेवर नुसता ब्लोअर चालू ठेवा, म्हणजे ओली कॉइल वाळते.

फ्लॅप खरंच फिरतोय का, हेही एकदा तपासून घ्या. गाडी उभी असताना ब्लोअर सगळ्यात जोरात लावा आणि बटण दाबा. आतली हवा घेताना ब्लोअरचा आवाज ग्लोव्ह बॉक्सच्या खालून स्पष्ट वाढतो, बाहेरची घेताना उतरतो. आवाजात काहीच फरक पडला नाही तर फ्लॅप अडकलाय किंवा त्याची मोटर किंवा केबल गेलीय. उन्हाळ्यात ‘एसी गार करत नाही’ म्हणून गॅस भरून घेण्याआधी मेकॅनिकला हे बघायला सांगा.