तीळमाती, माजाळी : अर्धा दिवस पुरतो, पाणी मात्र घरून न्या

तीळमाती हा कारवारजवळच्या माजाळी गावाचा काळ्या वाळूचा छोटा किनारा. कारवारहून काळी नदीचा पूल ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ६६ ने गोव्याकडे निघालं की माजाळी लागतं. गाडी तिथेच ठेवायची. माजाळीच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला टेकडीवर पायवाट चढते आणि पलीकडे तीळमातीला उतरते. साधारण अर्ध्या तासाची चाल, पण सुकं गवत आणि सुटे दगड यामुळे उतरताना पाय सटकतो. चपला नकोत, पकड असलेले बूटच हवेत. पावसाळ्यात तर हा बेत नकोच.

तीळमातीची वाळू मूठभर घेऊन बघाच. काळे, टपोरे, चकचकीत दाणे, अगदी तिळासारखे. नाव त्यावरूनच पडलंय. मागच्या काळ्या खडकाची झीज होऊन ती बनली आहे. दुपारी मात्र ती इतकी तापते की अनवाणी उभं राहवत नाही, म्हणून सकाळी आठच्या आत निघा. ओहोटीची वेळ आधी बघा, भरतीत पट्टा अरुंद होतो. दोन्ही बाजूंना खडक आहेत, पोहायला ही जागा नाही.

दुकान नाही, सावली नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि कचरा परत आणायला पिशवी न्या. वाळू बाटलीत भरून नेऊ नका, किनारा मुळात इवलासा आहे. चढ झेपत नसेल तर माजाळीच्या मच्छीमारांकडे होडीचं विचारा. भाडं जाऊन-येऊन ठरवा. शांतता हवी असेल त्यांनी जरूर जावं.