कीपअलाइव्ह कोणावर सोपवायचा: टीसीपीवर की पोस्टग्रेसवर?

आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसची प्रायमरी (मूळ प्रत, जिच्यात लिहिलं जातं) इंदूरला, रामबागेतल्या ऑफिसात. एक स्टँडबाय (तिच्यामागोमाग चालणारी राखीव प्रत) शेजारच्याच खोलीत, दुसरा मुंबईला भाड्याच्या सर्व्हरवर. तुमचीही मांडणी अशीच असेल, तर समोरचा जिवंत आहे का हे विचारायचं काम, म्हणजेच कीपअलाइव्ह, कोणाकडे द्यायचं, हे आधी ठरवा.

टीसीपी म्हणजे दोन मशीनमधलं नेटवर्क कनेक्शन सांभाळणारा थर; त्याचा कीपअलाइव्ह म्हणजे फाटकावरचा चौकीदार. 'साहेब आहेत का?' तर 'आहेत.' साहेब आत बेशुद्ध पडले असले तरी तेच उत्तर, कारण ते कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) देतो, पोस्टग्रेस नाही. लिनक्सची मूळ सेटिंगही ऐसपैस: ७२०० सेकंद शांतता, मग ७५-७५ सेकंदांनी ९ हाका, एकूण दोन तासांवर. आकडे कमी करता येतात, पण रेप्लिकेशनमध्ये (प्रायमरीतले बदल स्टँडबायकडे पोचवण्यात) उपयोग थोडाच. स्टँडबाय मुळातच दर १० सेकंदांनी हजेरी देतो, त्यामुळे लाइन शांत पडतच नाही. आणि पाठवलेल्या डेटाची पोच बाकी असेल तर कीपअलाइव्हऐवजी पुन्हा पाठवण्याचं चक्र सुरू होतं. ते पंधरा-सोळा मिनिटं रेटतं.

पोस्टग्रेसचा स्वतःचा कीपअलाइव्ह थेट साहेबांनाच हाक मारतो. त्यात वॉल (डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) कुठवर लिहिलं गेलं ते, वेळ, आणि 'लगेच उत्तर दे' अशी खूण असते. प्रायमरीच्या बाजूचा, वॉल पाठवणाऱ्याचा वॉल सेंडर टाइमआउट मुळात ६० सेकंद. निम्मा वेळ स्टँडबायकडून काही आलं नाही की प्रायमरी ही खूण लावून विचारते, पूर्ण वेळ गेला की कनेक्शन तोडते. स्टँडबायच्या बाजूलाही वॉल रिसीव्हर टाइमआउट आहे, तोही ६० सेकंदांचा.

आमच्याकडे कोणीतरी लॉगमधल्या तक्रारींना कंटाळून सेंडरचा टाइमआउट शून्य केला होता, म्हणजे बंदच. मग मुंबईच्या सर्व्हरची डिस्क अडकली. टीसीपी खूश, स्थिती 'स्ट्रीमिंग', आणि इकडे स्लॉटमुळे (स्टँडबायने घेतलं नाही तोवर वॉल पुसू न देणाऱ्या खुणेमुळे) वॉल साठत प्रायमरीची डिस्क भरत चालली. शेवटच्या उत्तराची वेळ कित्येक तास जुनी होती; ती कोणी पाहिलीच नाही. (टाइमआउट असता तरी स्लॉटने वॉल धरून ठेवलंच असतं, पण कनेक्शन तुटलेलं निदान दिसलं असतं.)

तेव्हा पोस्टग्रेसचाच ठेवा, आणि बंद तर मुळीच करू नका. आकडा मात्र दोन्ही स्टँडबायना सारखा नको. १२ व्या आवृत्तीपासून सेंडरचा टाइमआउट प्रत्येक कनेक्शनला वेगळा देता येतो: स्टँडबायच्या प्रायमरी कनइन्फोमध्ये (प्रायमरीला कसं जोडायचं ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) ऑप्शन्स म्हणून लिहायचा. शेजारच्या खोलीला १० सेकंद पुरे. मुंबईला ६० किंवा त्याहून जास्त. लाइन जरा अडखळली की तोड-जोड करत बसण्यात हशील नाही.

टीसीपीचे आकडे अ‍ॅप्लिकेशनच्या साध्या कनेक्शनांसाठी जरूर कमी करा, तिथे चौकीदाराशिवाय दुसरं कोणी नसतं.